बरं झालेल्यांची धडधड

हॉस्पिटलातून घरी निघालेल्या माणसाला ‘अभिनंदन’ म्हणायला बंदी घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बाळंतीण असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांना ‘सांभाळून जा, काही वाटलं तर फोन करा’ एवढं पुरे. ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, हृदयाच्या विभागात, मी सिस्टर म्हणून उभी हयात काढली. शेवटची काही वर्षं ईपी लॅबची इन्चार्ज होते. आता निवृत्त होऊन डोंबिवलीला घरी असते, पण माझा राग काही निवृत्त व्हायला तयार नाही. या अंकाच्या संपादिका म्हणाल्या, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्याही येतील. पण पेन हातात घेतलं की आधी राग येतो, त्याला माझा इलाज नाही.

ईपी लॅब म्हणजे काय, ते आधी सांगते. हृदय हा पंप आहे हे सगळ्यांना शाळेत शिकवतात. त्या पंपाला वायरिंग असतं हे कुणी शिकवत नाही. वरच्या कप्प्यात एक ठिणगी पडते, ती ठरलेल्या वाटेने खाली जाते आणि ठोका पडतो. जन्मभर हे बिनबोभाट चालतं. काही माणसांच्या बाबतीत मात्र फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी भलत्याच ठिणग्या उडायला लागतात. मग वरचे कप्पे नीट आवळायचं सोडून नुसते थरथरत बसतात. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आम्ही लॅबवाले नुसतं एएफ म्हणतो, आणि पेशंट काय वाटेल ते म्हणतात. ‘छातीत कबुतर फडफडतंय.’ ‘गाडी न्यूट्रलवर रेस होतेय.’ एक आगरी आजोबा म्हणाले होते, जाळ्यात कोळंबी उडते तसं होतंय. याहून नेमकं वर्णन मी कुठल्या कॉन्फरन्समध्येही ऐकलेलं नाही.

थरथर नुसती त्रासाची असती तर एक वेळ चाललं असतं. पण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, साचलेलं रक्त गोठू शकतं, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात. म्हणून या लोकांना रक्त पातळ ठेवायची गोळी असते. आणि औषधांनी थरथर आवरत नसेल तर आमच्या ईपी लॅबमध्ये अब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा वर हृदयापर्यंत न्यायच्या आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती चटके देऊन एक कडं तयार करायचं. कड्याच्या आत ठिणगी उडाली तरी ती बाहेर येत नाही. पडद्यावर हृदयाचा रंगीत नकाशा तयार होत असतो, पेशंट नुसता खोकला तरी नकाशा हलतो, आणि सगळी लॅब एकदम ‘अरे अरे’ करते. आणि मग पडद्यावरची ती वेडीवाकडी रेघ एकदम शहाण्यासारखी सरळ चालायला लागते. तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला असेल, आणि दर वेळी मला आपल्या नोकरीचा अभिमान वाटला.

मग राग कशाचा? तर पुढच्या भागाचा, जो कुणी सांगत नाही. तव्याचा चटका बसला तर हात लगेच पूर्ववत होतो का? सूज येते, हुळहुळतं, कातडी चिडलेली राहते. हृदयाचंही तेच. त्यामुळे अब्लेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परत येऊ शकते, आणि पुष्कळांना येते. त्यातल्या बऱ्याच जणांची सूज उतरली की थांबते. काहींची थांबत नाही, त्यांना पुढे औषधं किंवा परत एकदा अब्लेशन लागतं. कोण कुठल्या गटातला, हे पहिल्याच दिवशी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून धडधड झाली की कळवायचं, ईसीजी काढायचा, आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर रक्त पातळ करायची गोळी सोडायची नाही. शेजारणीलाही समजेल इतकं हे सोपं आहे. ते सांगायला आमच्या धंद्याची जीभ का अडखळते?

माजिवड्याचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. मुलीने अमेरिकेहून मनगटावर घालायचं घड्याळ पाठवलेलं, ते नाडी मोजायचं. जरा काही झालं की यांचा फोन. “सिस्टर, घड्याळ नाराज आहे.” एकदा तर नातवाच्या मुंजीतून फोन केला, मागे बँड वाजत होता. आमच्याकडच्या पोरी हसायच्या. मला मात्र ते गृहस्थ फार आवडायचे, कारण ते लाजत नव्हते. खरी काळजी वाटते ती फोन न करणाऱ्यांची.

परुळेकर काकू तशा होत्या. ठाकुर्लीला त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. साठीच्या आसपासची, उंच, खणखणीत बाई. त्यांना धडधडायला लागलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की हे टेन्शन, हे पाळी गेल्यामुळे, हे ओट्याजवळ उभं राहून. कुणी झोपेच्या गोळ्या दिल्या, कुणी ध्यान करायला सांगितलं. “मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखं होतं हो,” त्या सांगायच्या, आणि ऐकणारे हसायचे. अखेर एकदा धडधड चालू असताना ईसीजी निघाला आणि त्यांचं खरं ठरलं. मला म्हणाल्या, “सिस्टर, आजार निघाला याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. वेडी ठरता ठरता वाचले.”

अब्लेशन उत्तम झालं. घरी जायच्या दिवशी मी लॅबमध्ये दुसऱ्या केसला होते. तेवढ्यात हॉस्पिटलच्या जाहिरात विभागातली माणसं वॉर्डात आली. काकूंच्या हातात गुच्छ दिला, मागे हॉस्पिटलचं नाव येईल असं उभं केलं आणि व्हिडिओसाठी त्यांच्याकडून म्हणवून घेतलं, “मी शंभर टक्के बरी झाले!” आमच्या वॉर्डातल्या सिस्टरने नंतर सांगितलं की काकू पहिल्यांदा ‘बरं वाटतंय’ म्हणाल्या होत्या. ते जाहिरातवाल्यांना चाललं नाही. परत घेतलं. शंभर टक्के आलं तेव्हा सोडलं.

लवकरच डोंबिवली स्टेशनच्या बाहेर भलामोठा बॅनर लागला. गुच्छ घेतलेल्या काकू, आणि वर अक्षरं : ‘धडधडीला कायमचा रामराम!’ मी रोज त्याच्याखालून जायचे.

घरी गेलेल्या पेशंटना फोन करणं हे माझंच काम होतं. साधारण तीन आठवडे झाले असतील. सकाळी काकूंना फोन लावला.

“कशा आहात काकू?”

“एकदम मस्त! तुमच्या सगळ्यांच्या…” आणि त्या थांबल्या. श्वास घेतला. “…आशीर्वादाने.”

एवढ्या लहान वाक्यात माणूस श्वासाला थांबत नाही.

“पोळ्या चालल्यात का?”

“सूनबाई लाटतेय. मी जरा बसलेय.”

सकाळच्या डब्यांच्या वेळेला परुळेकर काकू बसल्यात, हे ऐकूनच मी समजले. म्हटलं, “काकू, नाडी कशी धरायची ते मी शिकवलेलं ना? धरा बरं. प्रत्येक ठोक्याला तोंडाने ‘टक’ म्हणा.”

“आत्ता? लोकं आहेत इथे.”

“असू देत.”

“टक,” काकू हळूच म्हणाल्या. “टक टक. … टक. टक टक टक. … …टक.”

“कधीपासून?”

“झाले थोडे दिवस.”

“अहो मग फोन का नाही केलात? नंबर दिलाय ना मी!”

काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. मला वाटलं होतं त्या घाबरल्या असतील. त्या घाबरल्या नव्हत्या, शरमल्या होत्या. “कसा करणार सिस्टर? माझा फोटो लावलाय तुम्ही स्टेशनला. गिऱ्हाईकं येऊन म्हणतात, काकू तुम्ही फेमस झालात. लेकाने पेढे वाटले. आणि आता मी म्हणू, परत आलं? डॉक्टरसाहेबांची किती नाचक्की होईल. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. वजन उचललं असेल, तेलकट खाल्लं असेल…”

मी आयुष्यात पेशंटवर ओरडले नाही, पण त्या दिवशी आवाज चढला. “काकू, तुमचं काहीही चुकलेलं नाही. आज, आत्ता निघा. आणि रक्त पातळ करायची गोळी? ती घेताय ना?”

“ती तर जेवण चुकेल पण चुकत नाही. तुम्ही दम दिला होता.”

या एका वाक्याने माझा जीव भांड्यात पडला.

काकू आल्या. घशातून दुर्बीण घालून बघितलं, कप्प्यात गुठळी नव्हती. मग थोडी भूल देऊन छातीवर शॉक दिला. सिनेमात दाखवतात तसा धडाम प्रकार नसतो हा. एक हिसका बसतो, आणि मिक्सर थांबतो.

त्याआधी मी आमच्या सरांच्या केबिनमध्ये गेले. सर उत्तम डॉक्टर, हाताला यश असलेला माणूस, वाईट अजिबात नाही. दमलेले मात्र कायम. मी काकूंचं सांगितलं.

“सिस्टर, पहिल्या तीन महिन्यांतलं रिकरन्स आपण मोजत नाही, तुम्हाला माहितेय,” ते म्हणाले. “अब्लेशन फेल गेलं असा त्याचा अर्थ होत नाही.”

“सर, तुम्ही मोजत नाही. पण त्या बाईच्या छातीत होतंय ना ते? मोजत नाही म्हणजे सांगायचंही नाही का?”

सर म्हणाले, “मी डिस्चार्जच्या वेळी सांगतो साधारण…”

“तुम्ही आदल्या दिवशी राउंडला त्यांना म्हणालात, ‘आता विसरून जा सगळं.’ मी शेजारी उभी होते.”

ते चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले नाहीत. उठले, काकूंच्या खाटेजवळ गेले, स्टूल ओढून बसले आणि चटका, सूज, तीन महिने, गोळी, हे सगळं त्यांना आणि त्यांच्या मुलाला अगदी सावकाश सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुमची नाचक्की नाही झाली ना?” सरांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. त्यानंतर अब्लेशनच्या आधीच, सगळ्या घरच्यांसमोर, हे बोलायचं असं त्यांनी ठरवलं, आणि पाळलंही.

मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. थेट जाहिरात विभागात गेले. तिथे एक साहेब होते, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं.

“तो बॅनर उतरवा,” मी म्हटलं.

“का मॅडम? इतकी पॉझिटिव्ह स्टोरी आहे. रिस्पॉन्स बघा ना.”

“त्या बाईंना परत त्रास झालाय. शॉक द्यावा लागला.”

“अरेरे. पण आता बऱ्या आहेत ना?”

“आत्ता आहेत.”

“मग आपलं स्टेटमेंट चुकीचं कुठेय?”

मी त्यांना सांगितलं की त्या बॅनरच्या भिडेने बाई अंगावर दुखणं काढत होती. ते वहीत काहीतरी लिहितात असं दाखवत होते. ‘वर कळवतो,’ म्हणाले. बॅनर मुदत संपेपर्यंत तिथेच होता. मग त्या जागी गुडघ्याच्या ऑपरेशनचा लागला. त्यात एक आजोबा उडी मारताना दाखवले होते.

काकूंना नंतरही एक-दोन वेळा थोडं धडधडलं, पण त्यांनी लगेच फोन केला. हळूहळू ते थांबलं. त्यांना साखर आणि बीपी असल्यामुळे गोळी अजून चालू आहे, पोळ्याही चालू आहेत. इथवर सगळं ठीक झालं, असं म्हणून मी हा लेख संपवला असता. पण विलास घाडींचं सांगितल्याशिवाय मला संपवता येणार नाही.

विलास दिवा स्टेशनजवळ राहायचा. मूळचा सिंधुदुर्गातला, धंदा इलेक्ट्रिशियनचा. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, प्रश्न विचारणारा माणूस. बायको सविता आणि मेव्हणा सोबत आलेले. सरांनी अब्लेशन सुचवलं, आणि नव्या नेमाप्रमाणे पुढचंही सगळं सांगितलं. मग त्यांना माझ्याकडे पाठवलं, शंका असतील तर विचारा म्हणून.

विलासला समजवायला मला काही कष्टच पडले नाहीत. “म्हणजे लीकेज करंट आहे. लाइन तोडत नाय, तिला इन्सुलेशन मारता,” तो म्हणाला.

“अगदी बरोबर.”

“आणि इन्सुलेशन सेट व्हायच्या आधी थोडंफार लीक होऊ शकतं.”

“होऊ शकतं. तेव्हा घाबरायचं नाही, पण कळवायचं. आणि गोळी सोडायची नाही.”

“चालेल ना. नवीन वायरिंगलापण मी दोन वेळा जाऊन बघतोच.”

तो खूश होता. सविता मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. “सिस्टर, एवढं सगळं करून परत येऊ शकतं म्हणता?”

“येऊ शकतं. न येण्याची शक्यताही खूप आहे. पण मी तुम्हाला नक्की असं सांगणार नाही.”

मेव्हणा म्हणाला, “मॅडम, दुसऱ्या हॉस्पिटलला विचारलेलं आम्ही. ते लोक तर गॅरंटी देतायत. बोलले, एकदा केलं की विषय संपला.”

“हृदयाची गॅरंटी कुणी देत असेल, तर त्यांच्यापासून जपून राहा,” मी म्हटलं.

“असं कसं? तुम्हालाच कॉन्फिडन्स नाय तर आम्ही काय करायचं?”

ते विचार करून कळवतो म्हणाले आणि परत आले नाहीत. पुढच्या आठवड्यात मला वरून बोलावणं आलं. तयार झालेला पेशंट गेला कसा, याची चौकशी. एक बाई, वयाने माझ्या लेकीएवढ्या, मला म्हणाल्या, “सिस्टर, काउन्सेलिंगमध्ये निगेटिव्ह बोलायचं नसतं. पेशंटला होप द्यायची असते.” मी म्हटलं, होप देणं आणि थाप मारणं यात फरक आहे. सर माझ्या बाजूने बोलले, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. पण त्यानंतर घरच्यांशी बोलताना एक्झिक्युटिव्ह म्हणून कुणी ना कुणी शेजारी येऊन बसायला लागलं. पेशंट सटकू नये म्हणून.

काही महिन्यांनी इमर्जन्सीतून फोन आला, एएफचा जुना पेशंट आहे, तुमच्या ओपीडीत दाखवलेला. खाली गेले तर स्ट्रेचरवर विलास. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोळागोळा. डोळ्यांनी त्याने मला ओळखलं. बोलायला गेला आणि नुसता आवाज निघाला.

नशीब एवढंच की सविताने वेळ घालवला नव्हता. सकाळी चहाचा कप हातातून सुटला तशी तिने शेजाऱ्याची गाडी थांबवली होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत देता आलं. दोन दिवसांनी तो थोडं थोडं बोलायला लागला, हात मात्र मागे राहिला.

झालं काय होतं, ते सविताने मला व्हरांड्यात सांगितलं. घरी तिने आणि तिच्या भावाने ठरवलं आणि त्या दुसऱ्या हॉस्पिटलात अब्लेशन झालं. अभिनंदन झालं, गुच्छ मिळाला, फोटो निघाले. साधारण महिन्याने विलासला परत फडफड जाणवली. तो म्हणाला, त्या सिस्टर बोलल्या होत्या तसं झालंय, कळवूया. त्यांनी त्या हॉस्पिटलला फोन केला. तिथे फोन उचलणाऱ्याने सांगितलं, तुमचं प्रोसिजर सक्सेसफुल आहे, टेन्शन घेऊ नका, पुढच्या तारखेला या. आणि गोळ्या? दात घासताना हिरडीतून रक्त यायचं, त्यात स्ट्रिप संपली. मेव्हणा म्हणाला, बरं झालेल्या माणसाला औषध कशाला?

“आमचं कुठे चुकलं सांगा,” सविता म्हणाली. खरंच सांगा. बरा झालेला माणूस औषध का घेईल? बरा झालेला माणूस परत परत फोन तरी का करेल? या बाईने ऐकलेल्या शब्दाचा सरळ अर्थ घेतला होता. ज्यांनी तो शब्द तिच्या पदरात टाकला, त्यांना आज कुणी विचारायला जाणार नव्हतं. त्यांच्या हिशेबी केस सक्सेसफुल होती आणि अजूनही असेल.

विलास घरी जाण्याच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात गेले. तो खुर्चीत बसून मऊ चेंडू दाबायचा प्रयत्न करत होता. बोटं अर्धीच मिटत होती. सविता शेजारी संत्रं सोलत होती. मी परत पहिल्यापासून सगळं सांगितलं, गोळीचं, नाडीचं, फोनचं. हिरडीतून रक्त आलं तर काय करायचं तेही. ती ऐकत राहिली. मग संत्र्याची फोड हातात तशीच धरून म्हणाली,

“सिस्टर, राग नका मानू. तेव्हा तुम्ही थोडंसं खोटं बोलला असता ना, तर आम्ही इथेच केलं असतं. मग तुम्ही फोन उचलला असता.”

इतक्या वर्षांत डॉक्टरांना, साहेबांना, वरच्या मजल्यावरच्यांना उत्तरं दिली, या बाईला देता येईना. कारण ती म्हणत होती ते खरं होतं, आणि ते खरं असावं याचाच मला संताप येत होता.

विलासने चेंडू मांडीवर टाकला. डाव्या हाताने बायकोचा दंड धरला आणि मान हलवली. नाही, नाही. शब्द जमवायला त्याला वेळ लागला. कपाळाची शीर तटतटली.

“खोटं… नको,” तो म्हणाला. “मला… कळलेलं. मला… विचारलं नाय… कोणी.”